दुष्काळी वर्षी वाटा कसा कापायचा? हेलमंद, गंगा आणि आपलं पेंच

टेलचा_माणूस

सिंधू, नाईल, ब्रह्मपुत्रा यांच्यावर इथं धागे निघतात आणि दुसऱ्या पानावर हमरीतुमरीवर येऊन बंद पडतात. म्हणून मुद्दाम लांबची नदी घेतो, जिच्यात आपला कोणाचाच जीव अडकलेला नाही.

हेलमंद काबूलच्या पश्चिमेला हिंदुकुशात उगम पावते, हजारावर किलोमीटर अफगाणिस्तानातून वाहते आणि इराणच्या सीमेवर सिस्तानच्या खोलगट मुलखात संपते. समुद्र तिच्या नशिबात नाही. शेवटाला हामून नावाची उथळ तळी आहेत. उन्हाळ्यात तिकडं ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ सुटतो. तळ्यात पाणी असलं तर तोच वारा गारवा देतो. तळं कोरडं असलं तर तळाची माती उचलून झाबोल शहराच्या डोळ्यात टाकतो.

अफगाणिस्ताननं वरच्या अंगाला १९५३ साली काजकी धरण बांधलं. भांडणं त्याच्या आधीपासून होतीच. १९७३ मध्ये दोन देशांत करार झाला. इराणला सरासरी सेकंदाला २२ घनमीटर पाणी, वरून सदिच्छा म्हणून ४, एकूण २६. वर्षाचे झाले साधारण ८२० दलघमी (दशलक्ष घनमीटर). आपल्या हिशेबानं सांगायचं तर पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा हजार दलघमीच्या थोडा वर आहे. म्हणजे एका अख्ख्या प्रांताचा आंतरराष्ट्रीय हक्क एका भरलेल्या तोतलाडोहपेक्षा कमी! त्यासाठी दोन देश पन्नास वर्षं एकमेकांवर डोळे वटारून आहेत.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. या करारात दुष्काळाचं गणित आधीच मांडून ठेवलंय. काजकीच्या वर देहरावूद इथं मोजणी केंद्र आहे. तिथून वर्षभरात सुमारे ५,६६१ दलघमी पाणी गेलं तर ते ‘सामान्य वर्ष’. म्हणजे इराणचा वाटा साधारण सातवा हिस्सा. पाणी कमी झालं तर इराणचा वाटाही त्याच प्रमाणात कमी करायचा. आणि खाली जास्त पाणी आलं तरी इराणनं ठरल्यापेक्षा जास्तीवर हक्क सांगायचा नाही. कागदावर तरी मला हे सरळ वाटलं. कोणाला किती झळ बसेल ते पाऊस पडायच्या आधीच ठरलेलं.

तरी भांडण मिटलं नाही, कारण देहरावूद वरच्याच्या घरात आहे. अफगाणिस्तान म्हणतो, दुष्काळ आहे, पाणीच नाही. इराण म्हणतो, आकडे दाखवा, आमची माणसं मोजायला येऊ द्या. मार्च २०२१ मध्ये सीमेच्या अलीकडचं कमाल खान धरण सुरू झालं. तेव्हाचे अध्यक्ष अश्रफ घनी यांचा सूर होता की पाणी आता फुकट नाही, तेल द्या. मग तालिबान आलं, सूर मात्र फारसा बदलला नाही. मे २०२३ मध्ये इराणच्या अध्यक्षांनी जाहीर दम भरला, त्याच महिन्यात सीमेवर गोळीबार झाला आणि दोन्हीकडची माणसं मेली.

मी पेंचच्या नहराच्या टेलवर, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेती करतो, मौद्याकडं. टेलवरच्याला हे समजायला आंतरराष्ट्रीय कायदा शिकावा लागत नाही. माझं मत असं की वाट्याचा आकडा कितीही मोठा लिहून घ्या, वाईट वर्षात कपात कशी करायची आणि पाणी कोण मोजणार, एवढं लिहिलं नसेल तर बाकी करार शोभेचा. जाणकारांनी लिहावं.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुमच्याइकडं टेलले का होईना, नहर तं हाय! आमच्या खारपानपट्ट्यात जमिनीखाली पानी हाय, पन ते तोंडात घेता येत नाई. आमी कोनासंग करार करावा? समुद्रासंग?

बाकी धागा मस्त. त्या हामून तळ्याचे फोटो पाह्यले. नावा वाळूत उभ्या हायत. लय वाईट वाटलं.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

चांगला विषय. दोन गोष्टी जोडतो, आणि एका ठिकाणी टेलभाऊंशी असहमत आहे.

पहिली गोष्ट. ‘प्रमाणात कपात’ ऐकायला न्याय्य वाटते, पण ती प्रवाहाची कपात आहे. मध्ये धरण आलं की प्रवाह आणि विसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी होतात. देहरावूदला पाणी आलं किती, हे धरणाच्या वर मोजलं. ते काजकीत किती दिवस अडवलं, कोणत्या महिन्यात सोडलं, मधल्या शेतीनं किती उचललं, हा हिशेब खालच्याच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा. वर्षाच्या शेवटी बेरीज बरोबर आली तरी गव्हाला पाणी हवं तेव्हा नसेल तर उपयोग काय? त्या करारात महिनावार तक्ता आहे तो याच कारणानं. शिवाय काजकीत गाळ भरून साठवण घटलेली आहे. साठवण घटली की चांगल्या वर्षाचं पाणी वाईट वर्षासाठी राखता येत नाही. तिथं वरच्याची नियत साफ असली तरी खालच्याला झळ बसणारच.

दुसरी गोष्ट पेंचची. हा दोन देशांचा नाही, दोन राज्यांचा मामला आहे, पण स्वभाव तोच. तोतलाडोह मध्य प्रदेशच्या सीमेवर. तिथल्या १६० मेगावॉट विजेचे दोन वाटे त्यांना, एक आपल्याला. पाण्याचे वाटे वेगळे ठरलेले. वर छिंदवाड्यात चौराई धरण झालं आणि तोतलाडोहला येणारं पाणी घटलं. त्यांनी बेकायदा काही केलं असं नाही, त्यांच्या वाट्याचं पाणी ते आधी वापरत नव्हते, मग वापरायला लागले. आपण इतकी वर्षं त्यांच्या न वापरलेल्या पाण्यावर शहर वाढवलं, नहर चालवले. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोह मृतसाठ्याला टेकलं आणि जुलैमध्ये नागपूरचे नळ आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवावे लागले. पिण्याचं पाणी आधी, म्हणून शेतीला कात्री सगळ्यात आधी लागली.

जगभर हेच दिसतं. वरचा देश पन्नास वर्षं गरीब असतो, धरण बांधू शकत नाही. खालचा ते पाणी आपलंच समजून बसतो. मग वरच्याकडं पैसा येतो.

---

टेलचा_माणूस

@अभियंता काका, ‘न वापरलेल्या पाण्यावर शहर वाढवलं’ हे झोंबलं, पण खरं आहे. नाईलचंही हेच ना? १९५९ च्या करारात इजिप्तनं ५५.५ आणि सुदाननं १८.५ अब्ज घनमीटर असं सगळं पाणी आपसात वाटून घेतलं आणि ज्या इथिओपियातून बहुतेक पाणी येतं त्याला विचारलंच नाही.

---

धानवाली_वहिनी

मला पाण्याच्या करारातलं फार कळत नाही, पण मागच्या एका हंगामात आमचं धान निसवायला लागलं होतं आणि नहर बंद झाला. लोंब्या अर्ध्या बाहेर, अर्ध्या पोटात. अशा वेळी दहा दिवसांनी दुप्पट पाणी दिलं तरी ते पाणी कामाचं नसते. वरच्या गावचे लोक म्हणत होते, तुमचा वाटा तुम्हाला मिळाला की. मिळाला, पण केव्हा?

काका म्हणतात तो महिन्याचा तक्ता म्हणजे हेच ना?

---

निवृत्त_शाखा_अभियंता

हो वहिनी, नेमकं तेच. तुम्ही माझे चार परिच्छेद दोन ओळीत सांगितले.

---

जय_विदर्भ_८८

एवढं वाचून एकच प्रश्न. वर बसलेल्यानं खालच्याला द्यायचंच कशाला? ज्याच्या हातात चावी तो मालक. एप्रिल २०२५ मध्ये आपण सिंधू करार स्थगित केला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, आता इथं इराणसाठी अश्रू.

---

मृद्गंधा

@जय_विदर्भ, सिंधूवर वेगळा धागा आहे, तिथं लिहा. पण ‘वर बसलेला मालक’ हे सूत्र भारतानं उचललं तर सगळ्यात आधी आपल्यालाच महागात पडेल, कारण आपण सगळीकडं वर नाही. ब्रह्मपुत्रेवर चीन आपल्या वर आहे. तो पावसाळ्यातली पातळी-विसर्गाची माहिती आपल्याला द्यायचा. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव झाला आणि त्या वर्षी ती माहिती आलीच नाही. पाणी सोडून द्या, नुसते आकडे थांबले तरी आसामात पोटात गोळा येतो.

बांगलादेशासाठी मात्र आपण वरचे. माझं काम याच विषयाच्या आसपास चालतं म्हणून गंगेचं थोडं सविस्तर लिहिते. टेलदादांचा प्रश्न (‘वाईट वर्षात कपात कशी’) तिथं फार ठळक दिसतो.

फरक्का बॅरेज १९७५ मध्ये सुरू झालं. उद्देश सिंचनाचा नव्हता. कोलकाता बंदरात गाळ साचत होता, तो धुवायला गंगेचं पाणी फीडर कालव्यानं हुगळीत वळवायचं होतं. त्या कालव्याची क्षमता ४०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट). उन्हाळ्यात गंगा खंगली की एवढं पाणी वळवल्यावर खाली पद्मेला (बांगलादेशातली गंगा) काय उरणार, यावर भांडण. १९७७ मध्ये पाच वर्षांचा करार झाला, त्यात बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या किमान ८० टक्के पाण्याची हमी होती. पुढं ती हमी गेली. मग १२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी तीस वर्षांच्या करारावर सही केली. म्हणजे डिसेंबर २०२६ ला त्याची मुदत भरते.

हा करार १ जानेवारी ते ३१ मे एवढ्यापुरताच आहे. पाच महिने दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांत कापलेत. फरक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा कमी पाणी आलं तर निम्मं-निम्मं. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. त्याच्या वर असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं त्यांना. ११ मार्च ते १० मे हा सगळ्यात कडक काळ, त्यात दोन्ही देशांना आळीपाळीनं दहा दिवसांसाठी ३५,००० क्युसेकची हमी. हे दहा दिवस तुमचे, पुढचे आमचे. वहिनी, तुमच्या पाणीपाळीसारखंच आहे की नाही?

आणि दुष्काळासाठी काय? प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब चर्चा करावी. बस्स. हेलमंदच्या करारात गणित आहे, इथं चर्चा आहे. उलट हेलमंदमध्ये मोजणीवर वाद आहे आणि गंगेवर मात्र दोन्ही देशांची पथकं फरक्क्याला आणि तिकडं हार्डिंज पुलापाशी मिळून मोजतात. एकाकडं सूत्र चांगलं, दुसऱ्याकडं मोजणी चांगली. दोन्ही एकत्र असलेला करार सापडणं कठीण.

---

झाडीपट्टीचा_पोरगा

मृद्गंधाताई, आकडे न देणं या मुद्द्यावर माझं ऐकाच. मी लाखांदूरकडचा. सगळे दुष्काळाचं बोलून राहिले, पण पुराचा रोगही तोच आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला. वर शिवनी जिल्ह्यात संजय सरोवर भरलं, तिथून पाणी सुटलं, मग गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले. पाणी येणार हे नदीला माहीत होतं, वरच्या धरणाला माहीत होतं, फक्त आमाले नव्हतं. आमच्या बांध्यांत कमरेएवढं पाणी आलं तेव्हा मोबाईलवर मेसेज आला की सतर्क राहा. धान तर गेलंच, बांध्यांचे धुरेही वाहून गेले. धुरा पुन्हा बांधायला किती मेहनत लागते ते ज्यानं बांधला त्यालाच ठाऊक.

मला पाणी जास्त दिलं की कमी दिलं याचा राग नाही. वरचा धरणवाला फोन उचलत नाही याचा राग आहे. आणि हे एका देशातलं. दोन देशांत काय होत असेल?

---

मृद्गंधा

@झाडीपट्टी, दोन देशांतलं सांगते. मेकाँग. वर चीनची धरणांची साखळी, खाली लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. या चौघांनी १९९५ मध्ये करार करून मेकाँग नदी आयोग स्थापला. चीन त्यात सदस्य नाही, ‘संवाद भागीदार’ आहे. म्हणजे लग्नाला येणार, पण आहेर नाही! चीन बरीच वर्षं फक्त पावसाळ्यातले आकडे द्यायचा. २०१६ च्या मार्चमध्ये व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशात खारं पाणी आत शिरलं, भातशेती करपली, तेव्हा चीननं चिंगहोंग धरणातून जादा पाणी सोडलं आणि त्याची मदत म्हणून वाहवा झाली. पण करारानं मिळालेलं पाणी आणि कृपेनं मिळालेलं पाणी यात फरक आहे. २०१९ मध्ये पुन्हा दुष्काळ आला, धरणांनी पाणी अडवलं की पाऊसच नव्हता यावर जोरदार वाद झाला, आणि त्यानंतर २०२० मध्ये चीननं वर्षभराचे आकडे द्यायचं मान्य केलं.

कंबोडियात तोनले साप नावाचं मोठं सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग फुगली की सरोवराची नदी उलटी वाहते आणि सरोवर भरतं. त्या उलट्या वाहण्यावर तिथली मासेमारी उभी आहे. तिथल्या कोळ्याला धरणातून वर्षाला किती पाणी सुटलं याच्याशी देणंघेणं नाही, पूर वेळेवर आला का एवढंच त्याला हवं असतं. वहिनींच्या निसवलेल्या धानासारखंच.

---

सिरोंचाकर

सगळे समजून चालले आहेत की त्रास नेहमी खालच्यालाच होतो. आमच्याकडं या. नदीच्या पलीकडच्या राज्यानं बॅरेज बांधलं, आणि त्याचं फुगलेलं पाणी आमच्या काठच्या शेतात. कापूस, मिरची पाण्याखाली. पाणी त्यांना, चिखल आम्हाला. मोबदल्यासाठी कोणत्या राज्याच्या दारात बसायचं हेच आम्हाला कोणी सांगत नव्हतं. इकडचे म्हणायचे तिकडं जा, तिकडचे म्हणायचे तुमचं राज्य वेगळं.

म्हणून करारात ‘खालच्याचं धरण वरच्याला बुडवतं तेव्हा काय’ हेही लिहायला हवं.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

सिरोंचाकर, मुद्दा रास्त. बुडीत क्षेत्राचा बाकी अनुभव माझाही कडवट आहे, पण विषयांतर नको.

टेलभाऊंच्या मुद्द्यावरून प्रश्न येतो की कपात आधीच ठरवलेली कुठं नीट चालते का. कोलोरॅडो नदीचं उदाहरण बघा. अमेरिका वर, मेक्सिको खाली. १९४४ च्या करारानं मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट पाणी (एका एकरावर एक फूट उभं राहील तेवढं म्हणजे एक एकर-फूट). दुष्काळात काय, यावर तो करार मोघम होता. मग २०१७ मध्ये दोघांनी पुरवणी केली. तिच्यात प्रवाह नाही, सरोवराची पातळी धरली. लेक मीड १,०७५ फुटांच्या खाली जाणार असं दिसलं की कपात सुरू. अमेरिकेतल्या राज्यांचीही आणि मेक्सिकोचीही, एकाच निशाणीला. पातळी आणखी खाली, कपात आणखी जास्त. २०२२ साली पहिल्यांदा ती लागू झाली आणि आरडाओरड झाली, पण ‘तुम्ही फसवलं’ असं कोणी म्हणू शकलं नाही. निशाणी सगळ्यांना दिसते. सरोवराच्या काठावर उभा राहून कोणीही वाचू शकतो. शिवाय मेक्सिकोला आपलं पाणी तिथं शिल्लक ठेवून पुढच्या वर्षी घ्यायची सोय आहे.

म्हणून माझा आग्रह पातळीचा. प्रवाह मोजणं हे कसबी काम आहे, त्यात दहा टक्के इकडंतिकडं करायला वाव असतो. पातळी ही भिंतीवरची रेघ आहे.

---

टेलचा_माणूस

काका, कोलोरॅडोची जोडनदी विसरलात! त्याच १९४४ च्या करारात रिओ ग्रांदे पण आहे आणि तिथं उलटं आहे. उपनद्या मेक्सिकोतून येतात, म्हणून मेक्सिकोनं अमेरिकेला पाणी द्यायचं. पाच वर्षांत मिळून १७.५ लाख एकर-फूट. ‘असाधारण दुष्काळ’ असेल तर तूट पुढच्या पाच वर्षांत भरून द्यायची मुभा आहे. आता असाधारण म्हणजे किती, हे करारात लिहिलेलंच नाही. परिणाम काय, तर मेक्सिको पहिली चार वर्षं चालढकल करतो आणि पाचव्या वर्षी गळ्याशी येतं. सप्टेंबर २०२० मध्ये चिवावा राज्यातल्या शेतकऱ्यांनी ला बोकिया धरणावर चाल केली, सैनिकांना हुसकावून धरणाचा ताबा घेतला. आमचं पाणी अमेरिकेला देऊ नका म्हणून. त्या आंदोलनात एका बाईचा गोळी लागून जीव गेला.

मला ते शेतकरी चुकीचे वाटत नाहीत आणि टेक्सासचे शेतकरीही चुकीचे वाटत नाहीत. दिल्लीत (किंवा वॉशिंग्टनात, मेक्सिको सिटीत) बसून सही करणाऱ्याच्या शेताला त्या धरणाचं पाणी लागत नाही, अडचण ही आहे. सही देश करतो, कपात गाव सोसतं. पाच वर्षांचा हिशेब ठेवायची कल्पना मात्र चांगली आहे, एका वर्षाच्या पावसावर भांडण पेटत नाही. फक्त दरवर्षी थोडं थोडं द्यायची सक्ती हवी होती.

---

वऱ्हाडी_ठेचा

धरनावर चाल केली! आमच्याइकडं तं मोर्चा निघते, निवेदन देते, फोटो काढते, चहा पिऊन घरी येते.

एक विचारतो. सगळीकडं भांडनच हाय का? कोनी मिळून धरन बांधलं, मिळून चालवलं, असं जगात कुठं झालंच नाई का बाप्पा?

---

मृद्गंधा

झालंय ठेचाभाऊ. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदी. सत्तरच्या दशकात तिकडं भीषण दुष्काळ पडला, गुरं मेली. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तिघांनी १९७२ मध्ये एक संस्था काढली आणि पुढं असं ठरवलं की नदीवरची मोठी धरणं कोणा एका देशाची नसतील, तिघांच्या मालकीची असतील. वर मालीत मनंताली धरण, खाली मुखाजवळ दियामा. दियामाचं काम समुद्राचं खारं पाणी आत येऊ न देणं. मनंतालीच्या विजेचे वाटे माली ५२, सेनेगल ३३, मॉरिटानिया १५ टक्के. कर्जाची जबाबदारीही तिघांची. पाण्याचे कोटे ठोकून बसवलेले नाहीत. सदस्य देशांचा एक कायमचा आयोग बसतो, या वर्षी शेतीला किती, विजेला किती, पुरासाठी किती सोडायचं ते ठरवतो. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियात रक्तपात झाला, सीमा बंद झाली, राजनैतिक संबंध तुटले. संस्था मात्र मोडली नाही. गिनीमध्ये नदीचा उगम आहे, तो २००६ मध्ये आत आला.

फार गुलाबी चित्र नको. धरणांनंतर तिथं साचलेल्या पाण्यामुळं रोगराई वाढली, पुरावर पिकणारी जुनी शेती मार खाऊन बसली. पण ‘तुमचं धरण’ असं म्हणायची सोय तिथं राहिली नाही, हे मोठं काम आहे.

---

झाडीपट्टीचा_पोरगा

आपल्याकडं तुमसरजवळ बावनथडी आहे की. राजीव सागर. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचा संयुक्त प्रकल्प. होता होता किती वर्षं गेली ते विचारू नका, पण वर-खाली अशी भांडणं पेंचपेक्षा कमी ऐकायला येतात.

---

जय_विदर्भ_८८

सेनेगलचं माहीत नव्हतं. पण तिघंही सारखेच गरीब होते म्हणून जमलं. चीन कशाला कोणाला भागीदारी देईल? इथिओपियानंही स्वतःच्या लोकांना रोखे विकून निळ्या नाईलवर धरण बांधलं, जुलै २०२० पासून भरलं, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन करून मोकळा झाला. ७४ अब्ज घनमीटरचं धरण, आणि दुष्काळात खाली किती सोडणार यावर बंधनकारक सही नाही. ताकद आली की करार लागत नाही.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

@जय_विदर्भ, निम्मं बरोबर. पण वीजनिर्मितीचं धरण आहे ते. वीज करायची तर पाणी टर्बाईनमधून खाली सोडावंच लागतं, ते पिऊन टाकता येत नाही. इजिप्तची खरी भीती लागोपाठच्या कोरड्या वर्षांची आहे. रिकामं झालेलं धरण पुन्हा भरताना आधी इथिओपियाचं भरणार की इजिप्तचं आस्वान, यावर काही ठरलेलं नाही. आणि दोन मोठी धरणं एकाच नदीवर एकमेकांना न विचारता चालवणं हे अभियंता म्हणून मला अंगावर काटा आणणारं वाटतं. आम्ही तोतलाडोह आणि त्याच्या खालचं कामठीखैरी धरण एकाच खात्यात राहून चालवायचो, तरी रात्री दोनदा फोन करावा लागायचा.

---

मृद्गंधा

गंगेबद्दल एक राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. १९९६ चा करार फरक्क्याला *आलेलं* पाणी वाटतो. फरक्क्याच्या वर उत्तर प्रदेश-बिहारात किती उचललं जातं, यावर त्यात भारताच्या वाट्यातून वजावट नाही. १९४९ ते १९८८ या काळात फरक्क्याला जी सरासरी आवक होती ती टिकवायचा भारत सर्वतोपरी प्रयत्न करेल, एवढंच म्हटलंय. प्रयत्न. म्हणजे वर पंप वाढले, नवे कालवे निघाले, फरक्क्याला पाणी कमी आलं, तर त्या कमी पाण्याचे इमानदारीत निम्मे वाटे होतात आणि करार तंतोतंत पाळला जातो. बांगलादेशाची ती जुनी तक्रार आहे, आणि बिहारची दुसऱ्या बाजूनं तक्रार आहे की फरक्क्यासाठी आमचं पाणी बांधून ठेवलं. २०२६ नंतर जे काही होईल त्यात मोजणी कुठं करायची यावर खरी ओढाताण होणार. मिळून मोजणं पुरेसं नाही. कोणत्या जागी मोजता, त्यावर कोण पोटभर जेवणार ते ठरतं.

---

टेलचा_माणूस

ताई, हे तर आमच्या मायनरचं (नहराच्या छोट्या फाट्याचं) दुखणं. आमच्या पाणी वापर संस्थेला मायनरच्या तोंडाशी मोजून पाणी मिळतं. तिथली मोजपट्टी खातं आणि संस्था दोघं मिळून वाचतात, सही होते, सगळं कायदेशीर. पुढं वरच्या अंगाचे लोक रात्री नहरात पोती टाकून फुगवटा करतात, इंजिन लावून पाईप सोडतात. टेलपर्यंत येतं ते ओल. आणि वहीत आम्हाला पूर्ण पाणी मिळालेलं असतं, पाणीपट्टीही पूर्ण. काका पातळी-पातळी म्हणतात, पण पातळी चुकीच्या जागी वाचली तर रेघ काय कामाची?

---

निवृत्त_शाखा_अभियंता

मान्य. तोंडाशी एक आणि शेवटच्या मोरीवर एक, अशा दोन जागी मोजायला हवं. मधली घट किती धरायची तेही आधी लिहून ठेवा. कच्च्या चारीत पाझर जास्त असतो, तो चोरी म्हणून कोणाच्या माथी मारू नका. हेलमंदवाल्यांनी इराणला द्यायचं पाणी सीमेवर मोजून द्यायचं ठरवलं होतं, तेवढं मात्र शहाणपणाचं. वाटेतली घट देणाऱ्याच्या खाती.

---

टेलचा_माणूस

मग संस्थेच्या येत्या सभेत शेवटच्या मोरीवर पट्टी लावायचा विषय ठेवतो. पाटकऱ्याला आवडणार नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

वरच्या कास्तकारायलेबी आवडनार नाई. पट्टी रंगवायच्या आंधी त्यायच्या सह्या घेऊन ठेवजा.